पहिली क्लॅरिनेट केराची

नवी पेठ, सोलापूर
१२ सप्टेंबर १९७४

सौ. केराबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र पाहून नवल वाटेल. मी शरणम्मा. कन्याशाळेच्या बँडमध्ये तुझ्या डाव्या हाताला उभी राहायची ती. तू पहिली क्लॅरिनेट, मी दुसरी. लग्न झाल्यापासून नवी पेठेत असते. खाली आमचं कापडाचं दुकान, वर माडीवर घर. घरात हे, दोन मुलं आणि सासूबाई.

तुझा पत्ता कसा मिळाला ते आधी सांगते. जूनमध्ये, लग्नसराई संपता संपता, आमचे हे पुण्याहून येत होते. टेंभुर्णीला एका वरातीमुळे यष्टी अर्धा तास अडकली. घरी आल्यावर जेवताना हसत हसत सांगायला लागले, "नऊवारी नेसलेली बाई, डोक्यावर पदर, आणि क्लॅरिनेट वाजवतीय! बँडमधले सगळे पुरुष तिच्या मागं." माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, ढोलावर नाव काय होतं? ते म्हणाले, बिरोबा ब्रास बँड. बिरोबा तुमचा देव, म्हणजे ती तूच असणार, म्हणून त्या नावावरून टेंभुर्णीत चौकशी करून पत्ता काढला. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे.

आता कामाचं लिहिते. आपल्या शाळेचं वसतिगृह दिवाळीपासून बंद करायचं असं कमिटीनं ठरवलं आहे. दुष्काळात दोन वर्षं कशीबशी काढली. आता छप्पर वाकलं आहे आणि ग्रँटही थांबली. मंगळवेढा, सांगोला, जत, अक्कलकोट इकडच्या बत्तीस मुली आहेत. घरी परत गेल्या की त्यांची शाळा संपली. आपली सिद्धम्मा, ॲकॉर्डियन वाजवायची ती, आता शाळेत शिक्षिका आहे आणि वसतिगृहही तीच बघते. तिनं एक मेळा करायचा ठरवलं आहे. नवरात्रातल्या रविवारी, २० ऑक्टोबरला, शाळेच्या मैदानावर, तिकीट लावून, फक्त बायकांसाठी टिपऱ्यांचा नाच. आमच्या कानडी घरांत कोलाट म्हणतात, पूर्व भागातल्या तेलुगू बायका कोलाटम म्हणतात, गुजराती बायकांचा दांडिया. काठ्या सगळ्यांच्या सारख्याच. आणि वाजवणार आपला जुना बँड.

तू यावंस अशी सर्वांची इच्छा आहे. तू शाळा सोडलीस तेव्हा जो गैरसमज झाला होता, तो आता फार जुना झाला. आपण सगळ्याच तेव्हा लहान होतो.

तुझ्या यजमानांना, तात्याबांना, नमस्कार. बँड त्यांचाच आहे असं कळलं.

आपली,
शरणम्मा

•

नवी पेठ
२४ सप्टेंबर १९७४

प्रिय केरा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून पुन्हा लिहिते.

सराव सुरू झाला आहे. रोज दुपारी तीन ते पाच, वसतिगृहाच्या जेवणघरात. शाळेच्या कोठीतून वाद्यं काढली तर ढोलाचं कातडं उंदरांनी खाल्लेलं. नरसम्मानं नवं चढवून आणलं. नरसम्मा आठवते ना, मोठा ढोल गळ्यात अडकवायची ती? आता ती विड्या वळते. तेंदूच्या पानांचं सूप घेऊनच सरावाला येते. एक चाल संपली की चार विड्या, की पुन्हा ढोल. पहिल्या दिवशी मी वाजवलं तर म्हणाली, "शरणी, तू सुरात हाय का न्हाय ते तुझं तू बघ. माझा ढोल थांबत नसतो."

मी सुरात नव्हते. एकोणीस वर्षांत हातात क्लॅरिनेट धरली नव्हती. ओठ सुजले, पहिले तीन दिवस भाकरी ताकात कुस्करून खाल्ली.

घरात सासूबाई बोलत नाहीत. म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत, भिंतीशी बोलतात. "पेठेतली सून. लग्नातल्या बँडवाल्यासारखे गाल फुगवून बसनार म्हणं." ह्यांचं म्हणणं एवढंच, की बायकांपुरतंच आहे ना, मग वाजव.

पण पहिली क्लॅरिनेट नाही. सगळ्या चाली तुझ्या जागेपाशी येऊन अडतात. सिद्धम्मा ॲकॉर्डियनवर ती जागा भरून काढते, तरी भोक राहतं ते राहतंच. काल नरसम्मानं विचारलं, "केरा शाळा सोडून का गेली ग तेव्हा?" ती त्या महिन्यात देवी येऊन घरी पडली होती. तिला काही ठाऊक नाही.

मी म्हणाले, घरची अडचण होती.

ये ग. मी यष्टी स्टँडवर घ्यायला येईन.

तुझी,
शरणी

•

नवी पेठ
२९ सप्टेंबर १९७४

केरा,

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. गैरसमज झाला नव्हता. तुझ्या घरची अडचणही नव्हती. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तरी मी कागदावर लिहून तुलाच पाठवलं. परवा रात्रभर तेच डोक्यात होतं. आज दुकान बंद आहे, हे मुलांना घेऊन देवळात गेले आहेत. तेवढ्यात लिहिते.

मार्च १९५५. पुण्याच्या स्पर्धेला पंधरा दिवस राहिले होते. बँडच्या मास्तरांनी मधला एकटीनं वाजवायचा तुकडा तुला दिला. मला तो हवा होता. माझे वडील शाळेच्या कमिटीवर, मी पहिल्या बाकावरची, आणि तू धनगराची पोर, फुकट जागेवर वसतिगृहात राहणारी. हे मी तेव्हा मनातल्या मनात अगदी ह्याच शब्दांत म्हणाले होते. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

वाद्यांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे असायची. शनिवारी मी तुला म्हणाले, दे की, मी माझीच क्लॅरिनेट घेते, घरी सराव करते. तू किल्ली दिलीस. मी तुझी घेतली. तिचा आवाज गोड होता. मला वाटायचं, ती हातात आली की मलाही तसं वाजवता येईल.

घरी गच्चीवर जाऊन तुझा तुकडा वाजवून बघितला. नाही आला. आईनं जेवायला हाक मारली तशी क्लॅरिनेट पत्र्यावर ठेवून खाली गेले. जेवले, झोपले. चारला वर गेले तर पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता. लाकडाला वरपासून बोटभर चीर पडली होती. मी ती पदरात गुंडाळून सोमवारी सकाळी पेटीत परत ठेवली आणि किल्ली तुला दिली.

पेटी तू सगळ्यांसमोर उघडलीस. मोठ्या बाई आल्या. तू म्हणालीस, "किल्ली मी शरणीला दिली हुती." बाईंनी मला विचारलं, "शरणम्मा, खरं का हे?"

मी म्हणाले, नाही.

केरा, तू माझ्याकडे बघितलंस. रडली नाहीस, ओरडली नाहीस. मी अजून बोलेन, असं वाटून थांबली होतीस. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत उभी राहिले.

दोन दिवसांनी तुझे वडील आले. घोंगडी खांद्यावर, चपला दाराबाहेर काढून. मी व्हरांड्यात होते, मला सगळं ऐकू येत होतं. "बाई, दोन मेंढरं इकतो, भरून देतो. पोरीला काढू नगा." मोठ्या बाई म्हणाल्या, "प्रश्न पैशाचा नाही. मुलगी खोटं बोलते."

तुला खोटं बोलण्यासाठी काढलं. पुण्याला तुझा तुकडा मी वाजवला, दुसऱ्या क्लॅरिनेटवर. आपला नंबर आला नाही. मास्तर परतीच्या गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

मेळ्याला ये किंवा नको येऊस. हे पत्र त्यासाठी नाही.

शरणी

•

नवी पेठ
१० ऑक्टोबर १९७४

केरा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं ते दुकानात दिलं, आणि कार्ड उघडंच असतं. ह्यांनी आधी वाचलं. वर आले, माझ्या हातात दिलं आणि दारातच उभे राहिले. मी वाचलं:

"शरणे, पत्र पोचलं. तू मला सांगितलंस ते मला म्हाईत हुतंच. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांग. केरा."

हे म्हणाले, "काय माहीत नाही आम्हाला?"

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. आत स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातली भांडी वाजायची थांबली होती. म्हणजे त्यांनीही ऐकलं. हे दारातून आत आले. मग म्हणाले, "मला सांगितलंस. झालं. आता विषय संपला."

मी म्हणाले, "नाही संपला. मेळ्यात मी माईकवर सांगणार आहे."

सतरा वर्षांच्या संसारात सिद्रामप्पांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "पेठेत तीन पिढ्यांचं दुकान आहे! गिऱ्हाईक सचोटीच्या नावावर येतं. बायका घरोघर सांगत सुटतील, की ह्यांच्या बायकोनं एका गरिबाच्या पोरीचं वाटोळं केलं. आणि कशासाठी? इतक्या वर्षांनी?"

मी म्हणाले, "तिला काढलं ते अख्ख्या शाळेसमोर. मी तुमच्या एकट्याच्या कानात सांगून कसं भागेल?"

"मग मी त्या बाजूला फिरकणार नाही," म्हणाले आणि खाली गेले. तेव्हापासून जेवायला येतात, जेवतात, जातात.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेले आणि वाजवायच्या आधी बँडला सांगितलं. सिद्धम्मानं ॲकॉर्डियन मिटलं. डोळे पुसले आणि म्हणाली, "मी तिच्या खोलीत झोपायचे शरणी. ती गेली त्या रात्री मी पण म्हणाले होते, खोटं कशाला बोललीस ग केरा." ती स्वतःला लावून घेत होती. मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

नरसम्मानं मात्र विड्यांचं सूप बाजूला सारलं. "मी परवा विचारलं तर घरची अडचण म्हणालीस. ह्याच तोंडानं. पोर होतीस तेव्हाचं सोडून देईन. परवाचं कसं सोडू?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ढोल वाजवते. ढोल थांबवला नाही, एवढंच.

तू येशील का हे तुझ्या कार्डात नाही. मी विचारत नाही. २० तारखेला चार वाजता मी सांगणार आहे, तू असलीस तरी आणि नसलीस तरी.

शरणी

•

नवी पेठ
२३ ऑक्टोबर १९७४

केरा,

तू साडेसहाला निघालीस, त्यामुळे अर्धा मेळा तुझ्या पाठीमागे झाला. आणि जो तुझ्यासमोर झाला, त्यातही तू वाजवताना डोळे मिटतेस. म्हणून सगळंच लिहिते.

तीनपर्यंत मैदान रिकामं होतं. सिद्धम्मा फाटकापाशी येरझारा घालत होती. मग पूर्व भागातून बायकांचा घोळका आला, बोटांना अजून तंबाखूचा वास. त्यांच्या मागून पेठेतल्या शेठाण्या, मग बाळीवेशीकडच्या आमच्या बायका, मग कुणाच्या सुना, कुणाच्या नणंदा. पावणेचारला तिकिटं संपली, तर सिद्धम्मानं वहीचे कागद फाडून त्यावर शाळेचा शिक्का मारला.

तू आलेली मी वरून बघितली. हिरवं लुगडं, बगलेत फडक्यात गुंडाळलेली पेटी. स्टेजकडे आली नाहीस. पहिल्या रांगेत कोपऱ्यात बसलीस, पेटी मांडीवर ठेवून.

माईकसमोर उभी राहिले तर कर्णा एवढ्या जोरात कुईकला की सगळ्या हसल्या. त्या हसण्यातच मी सुरुवात केली. पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच सांगितलं: "एकोणीसशे पंचावन्न साली ह्या शाळेच्या वसतिगृहातून एका मुलीला खोटारडी म्हणून काढलं. तिचं नाव केरा. ती खरं बोलली होती. खोटं मी बोलले होते. क्लॅरिनेट मी फोडली. ज्या बँडची आज तुम्ही तिकिटं काढली, त्यातली पहिली वाजवणारी ती. मी दुसरी." मागं कुणीतरी "अय्यो शिवा" म्हणालं. पोरंसुद्धा रडायची थांबली.

मग तू उठलीस. पायऱ्या चढून आलीस, माझ्याकडे न बघता फडकं सोडलंस, क्लॅरिनेट जोडलीस. माझ्या उजव्या हाताला उभी राहिलीस आणि म्हणालीस, "सूर दे."

मी दिला.

"खाली हाय. चढीव."

मी चढवला. तू मान हलवलीस. तेवढंच.

मास्तरांनी बसवलेल्या कूचनं, म्हणजे कवायतीच्या चालीनं, सुरुवात झाली तेव्हा बायका टिपऱ्या हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. कूचवर पावलं पडतात, टिपऱ्या कशा पडणार? आमच्या कुणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं! महिनाभर सराव करून! तू दोन ओळी वाजवल्यास, एक डोळा उघडून मैदानाकडे बघितलंस, आणि तीच चाल मोडून गजी नाचाच्या ठेक्यावर घातलीस. तुमच्याकडे धनगर ढोलावर नाचतात ना, त्या ठेक्यावर. मला काही कळेना. पण नरसम्मा ओरडली, "हां! आलं ग आलं!" आणि तिनं ढोल असा धरला की स्टेजच्या फळ्या हादरल्या.

मग मैदान उठलं, केरा. तू बघितलं नाहीस म्हणून सांगते. सहा गोल झाले, एकात एक. आतल्या गोलात वसतिगृहाच्या पोरी, त्यांच्याबाहेर पूर्व भागातल्या बायका, त्यांच्याबाहेर शेठाण्या, जरीच्या साड्या खोचून. कोण कुणाच्या टिपरीवर मारतंय ते बघायला सवड नव्हती. आताच्या हेडमास्तरीणबाईंचा चष्मा पडला, तो कुणीतरी उचलून स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि नाचत राहिली. आणि तिसऱ्या गोलात आमच्या सासूबाई! मला वाटलं डोळ्यांचा भास. त्या घरून निघाल्याचं मला ठाऊकही नव्हतं. पदर कमरेला, दोन्ही हातांत टिपऱ्या, पासष्टाव्या वर्षी अशा गिरक्या घेत होत्या की भोवतीच्या तरुण बायका मागं सरकून जागा देत होत्या. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाल्या, "अक्कलकोटाकडं आमच्या गावात कोलाटात माझ्यापुढं कुनी टिकत नव्हतं. लग्न झालं आनि राहिलं. मला कुनी विचारलंच न्हाई की."

साडेसहाला तू पेटी बंद केलीस. शेवटची टेंभुर्णी गाडी. मी तुझ्याबरोबर फाटकापर्यंत आले, आणि बाहेर हे उभे. शेजारी टांगा. कर्ण्याचा आवाज पार पुढच्या गल्लीपर्यंत जात होता, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. तुला म्हणाले, "बसा ताई. यष्टी चुकायची." आणि पेटी स्वतः उचलून टांग्यात ठेवली.

तू बसताना म्हणालीस, "आज माझा बा ऐकायला पायजे हुता." माफी तू दिली नाहीस आणि मी मागितली नाही. ते बरोबरच झालं.

आता तुझ्या पाठीमागचं. मी परत आले तर बायका थांबलेल्या, पण घरी कुणी जाईना. टिपऱ्या आपटून "आणखी, आणखी" चाललं होतं. मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. उजवीकडची जागा रिकामी. काय करावं कळेना. तेव्हा नरसम्मा, दहा दिवसांत पहिल्यांदा, माझ्याशी बोलली. "उभी काय ऱ्हायलीस ग? केरानं दाखवलं न्हवं? वाजव तसंच." मी तुझ्या जागेवर गेले नाही. माझ्या जागेवरूनच वाजवलं. तुझ्यासारखं नाही आलं. पण गोल पुन्हा फिरायला लागले, आणि कुठंतरी मधे माझा श्वास, बोटं आणि ढोल एका ठिकाणी आले. तसं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

सोमवारी कमिटी बसली. तिकिटांचे पैसे मोजले आणि वसतिगृह बंद करायचा ठराव मागं घेतला. दिवाळीनंतर छपराचं काम सुरू होतंय. पोरींना जेवणघरात सिद्धम्मानं सांगितलं, तर त्यांनी ताटं वाजवून तुझा ठेका धरला. दुकानात मंगळवारी एक जुनं गिऱ्हाईक खवचटपणे म्हणालं, "सिद्रामप्पा, तुमच्या मंडळींनी रविवारी भाषण केलं म्हणं?" मी जिन्यात होते. हे कापड मोजता मोजता म्हणाले, "व्हय. खरं बोलली." आणि पुढचा वार मोजला.

आता ह्या पाकिटातला दुसरा कागद बघ. शाळेच्या शिक्क्याचा आहे, हेडमास्तरीणबाईंची सही आहे. शाळा बँड पुन्हा सुरू करते आहे. दर शनिवारी मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात, आणि त्यांनी तुला बोलावलं आहे. वरचं नाव मी मुद्दाम पुन्हा पुन्हा वाचलं. श्रीमती केराबाई, बँडशिक्षिका. ज्या खोलीत मोठ्या बाईंनी तुझ्या वडिलांना उभं ठेवलं होतं, तिथंच बसून हा कागद लिहिला गेला. तात्याबांशी बोलून काय ते ठरव. लग्नसराईतले शनिवार सोडून देता येतील असं सिद्धम्मा म्हणते.

शिकायला नावं द्या म्हटल्यावर वसतिगृहातल्या एकोणीस पोरींनी दिली. यादी माझ्या अक्षरात आहे, पण सगळ्यात वर जे नाव आहे ते कुठल्या पोरीचं नाही, माझं आहे. सिद्धम्मा हसली. मी म्हटलं, हसू नको, मला तो मधला तुकडा अजून येत नाही.

तू वर्गात आलीस की मी बाकीच्यांबरोबर उठून उभी राहीन.

तुझी,
शरणी